आव्यातली धग

मलप्रभेच्या काठची खानापूरची माती कुंभाराला मानवणारी. मडकी, कौलं आणि विटा हा इथला जुना धंदा, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था याच गावात आहे हे काही उगाच नव्हे. जुन्या पद्धतीचा आवा रचताना तळाला लाकूड आणि शेणी घालतात, त्यावर मडकी, मग पेंढा, आणि सगळ्यावर राखेचा व फुटक्या खापऱ्यांचा जाड थर. एकदा पेटवला की जाळ बाहेर दिसता कामा नये. जाळ उफाळला की मडकी तडकतात. आत धग राहायला हवी, आणि ती रात्रभर राहते. लांबून बघणाऱ्याला फक्त राखेचा ढीग आणि धुराची एखादी रेघ दिसते, पण आत मातीची जात कायमची बदलत असते. भाजलेलं मडकं पुन्हा चिखल होत नाही. लठ्ठपणा, फॅटी लिव्हर आणि यकृताचा कॅन्सर या तिघांना जोडणारा दुवा नेमका असा आहे. त्याला वैद्यकात दाह म्हणतात आणि दवाखान्यात ‘लिव्हरला सूज’ म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा दुवा आपल्या लक्षात येत नाही याचं कारण अडाणीपणा नाही. या मुलखाच्या इतिहासानं माणसांना यकृतातला जाळ ओळखायला शिकवलं, धग ओळखायला कधी शिकवलंच नाही.

खानापूर तालुका दोन तोंडांचा आहे. पूर्वेला इटगी-पारिश्वाडकडे मैदान आणि ज्वारी, पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, नेरसे, हेमाडगा असं भाताचं, नाचणीचं आणि रानाचं मलनाड. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई भीमगडच्या रानात. एवढं पाणी आणि एवढी झाडी म्हणजे डास आणि हिवताप ओघानं आलेच. हिवतापात फुगते ती यकृताच्या समोरच्या म्हणजे डाव्या बाजूची प्लीहा. मराठीत तिला पानथरी म्हणतात, आणि ‘पोटात पानथरी वाढली’ हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडी असायचं. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेलं पोट हे रानपट्टीच्या पोरांचं चित्र इतकं नेहमीचं होतं की मलेरिया खात्याचे लोक गावात किती हिवताप आहे हे ठरवायला पोरांना ओळीनं उभं करून पोटं चाचपायचे आणि पानथरी लागलेल्यांची टक्केवारी काढायचे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि ८ लाख त्यानं मरत, असा तेव्हाचा अंदाज आहे. १९४० च्या दशकात मुंबई सरकारनं डीडीटी फवारणीचे देशातले पहिले मोठे प्रयोग शेजारच्याच धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत केले, आणि १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ताप ओसरला, पोटं आत गेली. अशा मुलखात अंगावर मांस चढणं याला लोक काय म्हणणार? ‘खात्यापित्या घरचा’ म्हणाले. सुटलेलं पोट हे ताप टळल्याचं आणि कणगी भरल्याचं लक्षण होतं, आणि त्या काळापुरता तो निष्कर्ष बरोबरही होता. पानथरीचं पोट हा रोग आणि चरबीचं पोट हे सुख, ही विभागणी तिथं तयार झाली.

यकृताशी खरी गाठ पडली ती काविळीतून. पहिल्या पावसानं विहिरीचं पाणी गढूळ झालं की दोनेक महिन्यांत डोळे पिवळे झालेली माणसं दिसू लागत. त्यावरचा उपचार सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, कोकणात, गोव्यात आणि घाटावर जवळजवळ एकाच साच्याचा आहे. ठरल्या वारी, उपाशीपोटी, झाडपाल्याचा रस: कुठे भुईआवळा, कुठे एरंडाचं कोवळं पान, कुठे गुळवेल. कुणी नाकात देवडांगरीचे थेंब सोडतो, मग तास न् तास पिवळं पाणी गळतं आणि कावीळ ‘बाहेर पडते’. कुणी हातावर सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं. कुणी मनगटाला किंवा दंडाला डाग देतो. कुणी डोक्यावर काड्यांची माळ ठेवतो. सर्वांत देखणा प्रकार हाच. ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात. तुकडे वाळून आकसले की गाठी सैल होतात, दोरा लांबतो आणि माळ दिवसागणिक डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते. कावीळ माळेत उतरली असं रोग्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. जोडीला पथ्य असतं: तेल बंद, हळद बंद, मीठ कमी, आणि ऊस, ताक, भाकरी.

या प्रथेला भोंदूगिरी म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि चुकीचंही. पावसाळ्यातली कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूंची असते. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेचं दूषित पाणी नळांत शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती साथ ई विषाणूची होती हे अनेक वर्षांनी कळलं. अशा काविळीचे बहुसंख्य रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात (ई विषाणूपुढे गरोदर बाई मात्र फार असुरक्षित असते). म्हणजे माळ उतरायला लागणारे दिवस आणि यकृताला सावरायला लागणारे दिवस जुळत होते. शिवाय विश्रांती आणि पथ्य यांनी अपाय काहीच नव्हता. भुईआवळ्याला तर एकदा थेट ‘लॅन्सेट’मध्ये जागा मिळाली. १९८८ साली मद्रासच्या त्यागराजन यांनी, हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणाऱ्या नोबेल मानकरी बारुक ब्लुमबर्ग यांच्यासह, असं प्रसिद्ध केलं की या वनस्पतीनं ३७ पैकी २२ वाहकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या २३ पैकी फक्त एकाची. पुढच्या चाचण्यांत हे यश पुन्हा दिसलं नाही. पण बेळगावात आज पारंपरिक औषधांच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था उभी आहे, म्हणजे तपासून बघण्याची दारं काही बंद झालेली नाहीत. मुद्दा औषधाच्या गुणाचा नाहीच. या प्रथेनं एक समीकरण पक्कं केलं: यकृताचा आजार म्हणजे कावीळ. डोळे पांढरे, लघवी साफ, भूक चांगली, तर लिव्हर ठणठणीत.

दुसरं समीकरण दारूनं घातलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली बेळगाव जिल्हा होता, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यात होता. चोर्ला घाटाखाली गोव्यात मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल, आणि तिथं काजूची फेणी घरोघर. वर बंदी आणि खाली मुबलक, मध्ये रानातल्या पायवाटा. पुढे बंदी सैलावली, सरकारमान्य सारायी म्हणजे देशी दारू प्लास्टिकच्या पाकिटांतून खेड्याखेड्यांत पोचली, आणि १ जुलै २००७ ला कर्नाटक सरकारनं ती बंद केली. या सगळ्या काळात पोटात पाणी होऊन मेलेल्या माणसामागे ‘पिऊन गेला’ हा निवाडा लागायचा, आणि तो पुष्कळदा खराही असायचा. पण निवाडा नीतीचा झाला की त्याची उलट बाजूही लोक गृहीत धरतात: जो पीत नाही त्याचं लिव्हर बिघडणार कसं? हा प्रश्न खेड्यातल्यांनीच विचारला असंही नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी १९८० साली २० रोग्यांचा एक निबंध छापला. त्यांच्या यकृताचे तुकडे दारुड्याच्या यकृतासारखे दिसत होते आणि दारू मात्र नव्हती. बहुतेक जण स्थूल होते, कितीतरी जणांना मधुमेह होता. तोवर अशा रोग्यांना डॉक्टर चोरून पिणारे समजत. रोगाला तेव्हा नावही नव्हतं, ते लुडविग यांनी दिलं.

आता पुरावे शेजारी शेजारी मांडून बघू. यकृताच्या कॅन्सरचा एक जुना, सिद्ध झालेला आरोपी म्हणजे हिपॅटायटिस बी. तैवानमध्ये बीझ्ली यांनी २२ हजार ७०७ पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि १९८१ साली सांगितलं की वाहकांना या कॅन्सरचा धोका इतरांच्या २२३ पट आहे. तेव्हा वाटलं, गुन्हा विषाणूचा. तो आपली जनुकं यकृतपेशीच्या जनुकांत घुसवतो, म्हणून पेशी बिथरते. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी विषाणू सापडला आणि पेच पडला. तोही कॅन्सर करतो, पण तो पेशीच्या जनुकांत शिरतच नाही. दारू तर विषाणूही नाही, तीही करते. आणि लुडविग यांच्या रोग्यांत ना विषाणू ना दारू, तरी त्याच वाटेनं काही जण त्याच मुक्कामाला पोचतात. चार वेगळे आरोपी आणि गुन्ह्याची पद्धत एक, तर शोध आरोपींचा न करता पद्धतीचा करायला हवा. ती पद्धत म्हणजे वर्षानुवर्षं न विझणारा दाह. रुडॉल्फ फिरशॉ यांना कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली होती आणि जुनाट दाह जिथं ठाण मांडतो तिथं कॅन्सर उगवतो असं त्यांनी १८६३ मध्ये सुचवलं होतं. त्यांच्या म्हणण्याला वजन यायला शंभरावर वर्षं गेली.

चरबीपासून दाह कसा पेटतो हे समजायला चरबी म्हणजे कणगीतलं धान्य ही कल्पना आधी सोडावी लागते. १९९३ मध्ये हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ नावाचं दाह चेतवणारं रसायन स्वतः तयार करते. चरबीची पेशी फुगत फुगत गेली की तिला प्राणवायू कमी पडतो, ती मरते, आणि मेलेल्या पेशीभोवती भक्षक पेशींचं कडं जमतं. त्या साफसफाईला येतात आणि आल्या की धग वाढवतात. पोटातल्या चरबीचं आणि आतड्यांचं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळून जातं. त्यामुळे सुटी झालेली स्निग्धाम्लं, दाहाची रसायनं, आतड्यातल्या जिवाणूंचे अवशेष हे सगळं आधी यकृताच्या दारात येतं. तिथं कुप्फर पेशी पहारा देतात. त्याही चेततात. तेलाच्या थेंबांनी आधीच भरलेल्या यकृतपेशी फुगतात आणि मरतात. एरवी अ जीवनसत्त्व साठवून निवांत बसलेल्या तारकापेशी व्रणाचे धागे विणायला लागतात. यकृताची ख्याती अशी की ते पुन्हा उगवतं, आणि घात तिथंच होतो. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी करायला उरलेल्यांना सतत दुभंगावं लागतं, प्रत्येक वेळी जनुकांची नक्कल करावी लागते, आणि ही नक्कल दाहातल्या जळक्या ऑक्सिजन-कणांच्या माऱ्यात करावी लागते. चुका होतात. वीस-तीस वर्षांत एखादी चूक अशी होते की ती पेशी थांबायचं विसरते. खाटकाच्या ठेल्यावर बोकडाचं काळीज बघितलेल्याला निरोगी यकृत ठाऊक असतं: काळपट तांबडं, गुळगुळीत, धारदार कडेचं. चरबीचं यकृत पिवळट, सुजट आणि गोल कडेचं असतं. सिरोसिसचं, म्हणजे व्रणांनी भरून गेलेलं, गाठी गाठींचं, कडक. आणि या सगळ्या प्रवासात माणसाला दुखत काहीच नाही, कारण यकृताच्या आत वेदनेच्या नसा नाहीत, त्या फक्त वरच्या आवरणाला आहेत.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो वजनदार आहे. दाह कॅन्सरच्या सोबत दिसतो, म्हणून तो कारण कसा? धूर आगीबरोबर असतो, पण आग धुरानं लागत नाही. उत्तर प्रयोगातच शोधावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मायकेल कॅरिन यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं की लठ्ठपणामुळे उंदरांच्या यकृतात गाठी वाढतात, पण टीएनएफ किंवा आयएल-६ या दाहाच्या निरोप्यांचा मार्ग तोडला तर लठ्ठपणाची ही करामत बरीचशी चालत नाही. शिवाय फॅटी लिव्हरच्या काही रोग्यांत सिरोसिस होण्याआधीच कॅन्सर सापडतो, म्हणजे व्रण ही एकमेव पायरी नाही. आनुवंशिकतेचा वाटा मी नाकारत नाही. पीएनपीएलए३ या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्या यकृतात चरबी लवकर भरते, हे २००८ पासून माहीत आहे. पण जनुकानं सरपण वाढलं तरी जाळायचं काम दाहच करतो. २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेलं काम तर आणखी अस्वस्थ करणारं आहे. फॅटी लिव्हरच्या दाहात ज्या टी-पेशींनी कॅन्सर हुडकून मारायचा त्याच राखण सोडून यकृताला कुरतडायला लागतात, आणि प्रतिकारशक्ती चेतवणारी नवी औषधं अशा रोग्यांत कमी लागू पडतात असं त्या अभ्यासात दिसलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरीही इतके धागे एकाच गाठीला येऊन मिळत असतील तर गाठ खरी मानणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

दुसरा आक्षेप खानापूरचा. लठ्ठपणा बेळगावच्या कॉलेज रोडवर असेल, जांबोटीच्या शेतकऱ्याला कसली आली चरबी? हा आक्षेप डोळ्यांनी घेतलेला आहे, काविळीसारखाच, आणि तसाच फसवा. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गरीब, कष्टकरी, बहुतेक सडपातळ लोक, तरी ८.७ टक्के जणांना फॅटी लिव्हर निघालं, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांश लोकांचा उंची-वजनाचा निर्देशांक २५ च्या खाली होता. याचा उलगडा मराठी मुलखातच झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. पण या आठशे ग्रॅमच्या तुटीत हाडामासाचा वाटा मोठा होता, चरबी त्या मानानं शाबूत होती. बारीक दिसणारं पण आतून चरबीचं हे शरीर पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीनं घडवलं असावं. आता त्यात खानापूरचा ताजा इतिहास मिसळा. नाचणी आणि हातसडीचा तांदूळ मागे पडला, गिरणीचा पांढरा तांदूळ आला, आणि २०१३ पासून अन्नभाग्य योजनेनं तो गरिबाच्या घरात भरपूर पोचवला. (भुकेच्या बाजूनं बघितलं तर ती योजना मोलाचीच आहे, वाईट एवढंच की पोटभर तांदळाबरोबर डाळ आणि भाजी त्या प्रमाणात आली नाही.) घाण्याच्या तेलाची जागा पामतेलानं घेतली, डोक्यावरच्या भाऱ्याची जागा दुचाकीनं, नांगराची जागा ट्रॅक्टरनं. दुष्काळासाठी तयार झालेल्या शरीराला तीस वर्षांत सुकाळ भेटला. अमेरिकेत नऊ लाख लोकांची १६ वर्षं केलेली पाहणी २००३ मध्ये आली, तिच्यात ३५ च्या वर निर्देशांक असलेल्या पुरुषांचं यकृताच्या कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण साडेचार पट निघालं. आपल्याकडे एवढं वजन चढायची गरजच पडत नाही, म्हणून भारतीयांसाठी स्थूलपणाची रेघ ३० ऐवजी २५ वर आणि जादा वजनाची २३ वर ओढावी लागली.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: फॅटी लिव्हरवाल्या बहुसंख्यांना कॅन्सर होतच नाही, मग लोकांना भ्यायला का लावायचं? हे खरं आहे. त्यांतले बरेच जण यकृतानं न जाता हृदयविकारानं जातात. चरबी भरलेल्या अनेकांत दाह पेटत नाही, पेटलेल्यांतल्या काहींत व्रण होतात, त्यांतल्या थोड्यांत सिरोसिस आणि कॅन्सर. पण एवढ्यासाठीच चरबी आणि दाह यांत फरक करणं महत्त्वाचं. सगळ्यांना घाबरवण्यापेक्षा ज्यांचा आवा पेटला आहे ते शोधणं शक्य आहे, आणि मडकं भाजून निघेपर्यंत वेळ हाती असतो. ७ ते १० टक्के वजन उतरवलं की पुष्कळांचा दाह शमतो, आणि दहाच्या पुढे गेल्यास व्रणही काही जणांत मागे हटतात, हे यकृताचे तुकडे पुन्हा तपासून दाखवलं गेलं आहे. सत्तर किलोच्या माणसाला पाच ते सात किलो. झाडपाल्याला मात्र इथं काविळीसारखी काळाची साथ मिळत नाही, कारण हा रोग आपोआप बरा होणाऱ्यांतला नाही. काही रस आणि काढे तर स्वतःच यकृताला इजा करतात, त्यामुळे आधीच सुजलेल्या यकृतावर ते ओतणं धोक्याचं.

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हर हा आजार मधुमेह, कॅन्सर आणि हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. पहिली पायरी दर्जीच्या टेपाची आहे: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बाईची ८० म्हणजे साडेएकतीस. माप त्याच्या वर असेल, किंवा घरात साखरेचा आजार असेल, तर पुढची पायरी रक्ताची. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून डॉक्टर कागदावर गणित करून व्रणाचा अंदाज बांधू शकतात. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ लिहून आलं तर तो कागद घडी घालून कपाटात ठेवू नका. डोळे पिवळे व्हायची वाट न बघता डॉक्टरांना एवढंच विचारा: नुसती चरबीच आहे, की व्रण पडायलाही सुरुवात झाली आहे?